मरायचं विसरलेल्या पेशी : आरोग्यमंत्र्यांना एका बापाचं खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

मुलगा सात वर्षांचा. मानेत गाठी, पोटातली प्लीहा एवढी सुजलेली की शर्टाचं खालचं बटण लागायचं नाही. गाठी म्हटलं की टीबी, म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या, गाठी होत्या तिथेच. मधे एका रिपोर्टात बी१२ व्हिटॅमिन मापाच्या बाहेर वर गेलेलं आलं, आम्ही शाकाहारी, घरात सगळ्यांचं बी१२ कमी आणि याचं एवढं! हसलो आम्ही. तोच इशारा होता हे दीड वर्षाने कळलं.

आजाराचं नाव एएलपीएस, म्हणजे ऑटोइम्यून लिम्फोप्रोलिफरेटिव्ह सिंड्रोम. इन्फेक्शन झालं की टी सेल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, भराभर वाढतात आणि काम संपलं की त्यांनी मरायचं असतं, तसा हुकूमच असतो. दहाव्या क्रोमोसोमवर फास नावाचा जीन आहे, त्याच्यापासून पेशीच्या अंगावर एक रिसेप्टर बनतो, त्याला फास लिगँड नावाचं जोडीचं प्रोटीन चिकटलं की आत कॅस्पेज नावाची एन्झाइम जागी होतात आणि पेशी स्वतःलाच आतून कापून संपवते. गोम अशी की हे रिसेप्टर तीन-तीन मिळून काम करतात. तीन दगडांची चूल समजा, एक दगड कच्चा निघाला की पातेलं कलंडलं. जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडली तरी हिशोबाने ८ पैकी ७ चुली वाया. मग न मेलेल्या पेशी गाठीत, प्लीहेत साठतात, काही वेळा शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं, पुढे लिम्फोमाची, म्हणजे गाठींच्या कॅन्सरची, भीती वेगळीच. हे सगळं १९९५ पासून माहितीये साहेब, नवीन काही नाही.

ती बिघडलेली प्रत माझ्याकडून गेलीय. मला आजवर साधी गाठ नाही, असंही होतं म्हणे यात. रिपोर्ट आला त्या रात्री जेवण गेलं नाही.

एका डॉक्टरांनी तर प्लीहा काढूनच टाका म्हणून सांगितलेलं, बरं झालं पैसे नव्हते, कारण या आजारात ती काढली की जंतुसंसर्ग जिवावर बेततो. आता सिरोलिमस नावाचं औषध चालू आहे, गाठी बसल्यात.

तर मागणी. दुर्मिळ आजारांच्या केंद्राच्या धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्यातलं सेंटर आहे, चांगलंच आहे, पण निदानच झालं नाही तर पेशंट तिथवर पोचणार कसा? सीडी४ आणि सीडी८ या टी सेलवरच्या खुणा, दोन्ही नसलेल्या टी सेल या आजारात वाढतात, त्या किती आहेत हे फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे पेशी मोजायच्या मशीनवर, मोजायचं, पहिली पायरी एवढीच. सीडी४ मोजायची मशीन एचआयव्हीसाठी सरकारी दवाखान्यांत आहेत, सगळीच याला चालत नाहीत मान्य, पण विभागात एक तरी चालणारी ठेवा, आणि टीबीच्या गोळ्यांनी गाठ हलत नसेल तर ही टेस्ट लिहायची असं पत्रक काढा. रक्त ताजंच लागतं, लातूरहून मुंबईला नेईपर्यंत जीव टांगणीला.

धाकटीची टेस्ट व्हायचीय अजून, तिला अर्धा-अर्धा चान्स. मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, रक्त तिथेच काढू म्हटलं, म्हणजे पोरगीही सोबत आणि दोन दिवस शाळा बुडाली.

आपला,
लातूरचा एक बाप