अण्णांशी बरोबरी

सुन्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. घाल शिव्या. शुगर आटोक्यात, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो, कारण हे घरात कुणाला सांगून उपयोग नाही. रविवारी बुद्धिबळाच्या स्पर्धेत अण्णांशी माझा डाव बरोबरीत सुटला.

हसू नकोस. फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, २०२४ मध्ये रेटिंगची किमान पातळीच १४०० केली म्हणून माझं रेटिंग चौदाशे तरी दिसतं. अण्णा अजून अठराशेच्या वर. चारशेचा फरक म्हणजे दहा डावांत माझ्या वाट्याला जेमतेम एक गुण.

शेवटी त्यांच्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि जी-४ वर प्यादं. माझा राजा जी-७ वर आणि एकुलतं एक प्यादं, ते मी जाता जाता एच-५ ला ढकललं. त्यांनी जी-५ केलं असतं तर मी तिथंच हार मानून हात पुढे केला असता. त्यांनी मारलं! त्यांचं प्यादं कडेच्या एच पट्टीवर गेलं, माझा राजा एच-८ च्या कोपऱ्यात. ते घर काळं. उंट तिथं शह देणार कसा? चेपत आणलं की स्टेलमेट: शह नाही, हलायला घर नाही, डाव बरोबरीत.

आता सांग, हे आपल्याला शिकवलं कुणी? लाइट गेल्यावर कंदील लावून, ‘कडेचं प्यादं न् चुकीचा उंट, जन्मात वजीर होत नाही’ असं घोकून घेतलं ते याच माणसाने ना? बरं, घड्याळात वीसेक मिनिटं शिल्लक होती. मारलेलं प्यादं चिमटीत फिरवत बसले होते. अर्धा-अर्धा लिहून सही केली आणि म्हणाले, ‘चहा सांग.’

दिला म्हणावं, तर ज्या माणसाने स्वतःच्या जावयाला कधी डाव सोडला नाही, तो मला देईल? आणि विसरले म्हणावं, तर... मधे एकदा ‘खेळी कुणाची?’ असं विचारलं होतं त्यांनी. घड्याळ समोर असताना. काकूंना विचारायची हिंमत होत नाही.

विसरण्यावरून आठवलं. घोड्याला आधी हात लावून मागाहून ‘ॲडजस्ट’, म्हणजे नुसता नीट ठेवतोय, म्हणालास, ते मी विसरलेलो नाही. तो डाव माझाच होता.

वहिनींची बदली झाली का? फ्लॅटचा ताबा मिळाला? कळव.

दिवाळीत सांगलीला येशील तेव्हा अण्णांकडे बस एक डाव. तुला तर ते मुळीच सोडणार नाहीत. जमलं तर शेवट उंट-प्याद्यावर आण आणि प्याद्याने मारतात का ते नीट बघ. मला विचारू नकोस, सरळ सांग.

तुझा,
बाळ्या