कारण तरी खरं लिहा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरात रोजगार मेळाव्याची बातमी आली की आमची माय ती कात्रीने कापून देवाच्या कोनाड्यात ठेवते. मागच्या आठवड्यातली पण ठेवली. मी मात्र आता बातमी वाचताना पहिले हे बघतो की प्रोबेशन (परमनंट करायच्या आधीची परीक्षेची मुदत) किती महिन्यांचं लिहिलंय, कारण पगाराचा आकडा सगळे छापतात, हा आकडा कोणी छापत नाही. त्याच मुदतीत माझा हात मोडला, मला काढलं आणि पत्रात कारण दुसरंच लिहिलं, म्हणून हे लिहितो.

मी अमळनेर तालुक्यातला, आयटीआय फिटर. 8 एप्रिल 2024 ला जळगाव एमआयडीसीत चटईच्या एका कारखान्यात लागलो. जळगावची केळी, सोनं, डाळ सगळ्यांना माहितीये, पण प्लास्टिकची चटई पण इथूनच लांबलांब जाते, आणि ती ज्या मशीनवर बनते तिच्यापाशी बारा-बारा तास उभं राहिलं की उन्हाळ्यात काय होतं ते मे महिन्यातलं जळगाव ज्याने पाहिलंय त्याला सांगायची गरज नाही. पण कंपनीच्या रोलवर होतो, ठेकेदाराकडे नाही, त्यामुळे घरात सगळे खूश. आमच्याकडे पोरगी बघायला गेलं की पहिला प्रश्न शेती किती, दुसरा प्रश्न पोऱ्या परमनंट आहे का. आबा सांगायचे, ऑक्टोबरमध्ये होईल. सहा महिन्यांचं प्रोबेशन 7 ऑक्टोबरला संपणार होतं.

2 सप्टेंबरला पोळा होता. मी आठ दिवस आधी सुपरवायझरला सांगून वीकली ऑफ बदलून घेतला, दुसऱ्याच्या जागी रविवारची ड्युटी केली, म्हणजे त्या दिवशी मी गैरहजर नव्हतो, सुट्टीवर होतो, हजेरीत तसंच आहे. संध्याकाळी बैलं मिरवायला काढली, आमचा तांबडा तसा गरीब आहे, पण कोण्या पोराने त्याच्या पायाशी फटाक्यांची लड टाकली आणि तो उसळला. दोर माझ्या डाव्या हाताला गुंडाळलेला होता (दोर हाताला गुंडाळू नये हे आबा मला लहानपणापासून सांगतात, ती चूक माझीच). मनगटाजवळचं हाड मोडलं. तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात रात्रीच प्लास्टर केलं, डॉक्टर म्हणाले सहा आठवडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच सुपरवायझरला फोन केला, एक्सरेचा फोटो व्हॉट्सअपवर टाकला, ते म्हणाले भाऊ आराम कर, काळजी करू नको. आठ दिवसांनी मी स्वतः एसटीने जळगावला गेलो, म्हटलं उजवा हात चांगला आहे, गेटवर रजिस्टर लिहायला बसवा, मालाची मोजणी द्या, काही पण द्या. ऑफिसातून उत्तर आलं की आपल्याकडे लाईट, म्हणजे हलकं, काम नसतं. ठीक आहे, नसेल. मग 21 तारखेला पत्र आलं. चार ओळींचं. प्रोबेशन काळातलं तुमचं काम समाधानकारक आढळलं नाही, म्हणून सेवा समाप्त करण्यात येत आहे.

साहेब, पाच महिन्यांत मला एक मेमो नाही. एकदा लेट मार्क आहे, तो पण पुलाखाली पाणी भरलं होतं त्या दिवसाचा. माय पत्र हातात धरून (तिला वाचता येत नाही) एकच विचारत होती, "मन्हा पोऱ्यानी काय चोरी करी का?" तिला वाटलं पोरगं काहीतरी लपवतंय. गावात पण तेच झालं, बैलाने हात मोडला म्हणून कोणाची नोकरी जाते का, नक्की दुसरं काहीतरी असेल.

मग मी दोन महिने रिकामा होतो तर हेच शोधत फिरलो. कामगार खात्यात गेलो, युनियनमध्ये पूर्वी काम केलेल्या एका काकांकडे गेलो. जे कळलं ते लिहितो, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

बारा महिन्यांत कामाचे 240 दिवस भरले असतील तरच काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि कामावरून कमी केल्याची भरपाई. माझे भरले नव्हते, विषय संपला. तोच हात मशीनमध्ये मोडला असता तर कामावरची इजा. इतकंच काय, घरून ड्युटीवर जाताना हायवेवर मोटारसायकल घसरून मोडला असता तरी 2010 पासून ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विम्यात) तो कामावरचाच अपघात धरता येतो. म्हणजे हाड तेच, प्लास्टर तेच, पण पडायचं कुठे आणि कधी हे माणसाने ठरवून पडायला पाहिजे.

ईएसआयचं तर ऐकाच. माझा पगार 14000, त्यातून दर महिन्याला पाऊण टक्का म्हणजे 105 रुपये कापले जायचे, कंपनी सव्वातीन टक्के म्हणजे 455 भरायची. मला वाटायचं हे पैसे फुकट जातात. तर त्यात आजारपणाचा लाभ असतो, त्याला सुट्टीच्या दिवशीची इजा पण चालते, 70 टक्के पगार मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पण नवीन लागलेल्या माणसाला तो लाभ चालू होतो नऊ महिन्यांनी. माझे नऊ महिने जानेवारी 2025 मध्ये झाले असते. ईएसआयचा दवाखाना मात्र पहिल्या दिवसापासून लागू, आणि इथे मी खरा चुकलो. 1948 च्या ईएसआय कायद्यात तेव्हा कलम 73 होतं, त्यात आजारपणाचा उपचार चालू असलेल्या कामगाराला काढण्यावर बंधन होतं, पण त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा कागद लागायचा आणि माझ्याकडे कागद खाजगी दवाखान्याचा. सुपरवायझरला केलेला फोन आणि व्हॉट्सअपचा फोटो, त्याला काका म्हणाले ही काय रजा नाही, ही गप्पा आहे. रजेचा अर्ज लेखी द्यायचा, पोस्टाने पाठवायचा, पावती जपून ठेवायची. आयटीआयमध्ये दोन वर्षं घासकाम शिकवलं, हे पाच मिनिटं कोणी सांगितलं नाही.

अजून एक. महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कारखान्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत) तेव्हा प्रोबेशन तीन महिन्यांचं होतं, माझे तीन महिने जुलैतच झाले होते. पण ते नियम किती कामगार असले की लागू होतात, कागदावर कंपनीचे किती आणि ठेकेदाराचे किती, हा हिशेब काढायला वकील लागतो आणि वकिलाची फी माझ्या पगारात बसत नाही.

कंपनीची बाजू मला समजत नाही असं नाही. लाईन बंद ठेवता येत नाही, सहा आठवडे माझी जागा कोण भरणार, दुसरा माणूस घ्यावाच लागतो. प्रोबेशनमध्ये काढायचा अधिकार आहे तर काढा. माझं म्हणणं एवढंच आहे की पत्रात खरं लिहा. "अपघातामुळे कामावर येऊ शकत नाही म्हणून" असं लिहायला काय जात होतं? तसं लिहिलं तर कदाचित प्रश्न विचारले जातात, आणि "काम समाधानकारक नाही" लिहिलं की कोणी काही विचारत नाही, म्हणून ते छापील वाक्य सगळ्यांना चिकटवतात असं मला वाटतं. त्यांच्यासाठी ती एक ओळ आहे. मी त्यानंतर तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, तिन्ही ठिकाणी आधीच्या कंपनीचं पत्र मागितलं, ते वाचून समोरचा माणूस माझ्या हाताकडे बघत पण नाही, तोंडाकडे बघतो.

प्लास्टर ऑक्टोबरमध्येच निघालं. हात आता पूर्ण वळतो, कापूस वेचला, पोती पण उचलली.

पत्र छापलं तर नाव छापू नका साहेब, फक्त तालुका टाका. पुढच्या सोमवारी धुळ्याला इंटरव्ह्यू आहे.

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर