मुद्दाम लावलेला रोग

लिंकन, नेब्रास्का
24 जुलै

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

परवा फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "रोग मुद्दाम लावता? उभ्या पिकाला?" आणि गप्प झाले. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इथल्या मक्यावर जिवाणूंमुळे येणारा एक मर रोग आहे, गॉस विल्ट. 1969 मध्ये तो पहिल्यांदा याच राज्यात, डॉसन काउंटीत सापडला. गारपिटीने, वाऱ्याने पानं फाटली की त्या जखमांतून जिवाणू आत शिरतात. पीक निघालं तरी धसकटांत तग धरून राहतात. बुरशीनाशक मारून उपयोग नाही, कारण ही बुरशीच नाही. फेरपालट करायची, धसकटं गाडायची आणि मुळात टिकणारं वाण पेरायचं.

ते वाण कुठलं, हे शोधणं माझं काम. रोग नसलेल्या शेतात सगळीच वाणं हिरवीगार दिसतात, बाबा. म्हणून मका पाच-सहा पानांवर आला की आम्ही ओळीओळीने फिरतो. हातात पकडीसारखं अवजार असतं. एका बाजूला टाचण्या, दुसऱ्या बाजूला जिवाणूंच्या पाण्यात भिजवलेला स्पंज. पान मधे धरून दाबायचं आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. मधे मधे हटकून बळी पडणारं एक वाण पेरलेलं असतं. त्याच्यावरच रोग उठला नाही, तर आमची लागण फसली. मग बाकीच्यांना चांगलं म्हणायचं नाही. पाटीवर नुसता नंबर असतो, वाणाचं नाव नाही.

काल गुण द्यायला गेले होते. एक म्हणजे जवळपास निरोगी, नऊ म्हणजे संपलं. नऊच्या ओळीतलं एक पान तोडून उन्हाकडे धरलं. लांबट करडा चट्टा, कडेला पाणी भरल्यासारखे काळसर ठिपके, उजेडात आरपार दिसणारे. वर वाळलेला चिकट द्राव, व्हार्निशसारखा चकाकणारा. मला तुमचाच हात आठवला, बाबा. तेल्या रोग आला त्या वर्षी बांधावर उभं राहून तुम्ही डाळिंबाचं पान असंच धरलं होतं.

रोपं निरोगी म्हणूनच दिली होती आपल्याला. स्ट्रेप्टोसायक्लीन फवारून झालं, कॉपर फवारून झालं, आईच्या पाटल्या गेल्या, आणि शेवटी दीड एकर भगवा वाणाची बाग मुळासकट उपटली. तेल्यापुढे भगवा टिकत नाही, हे लावायच्या आधी कुणी तुम्हाला सांगितलं असतं तर? माझ्या दहा ओळी मेल्या तरी चालतील. शेतकऱ्याला ते त्याच्या उभ्या बागेत कळायला नको.

आई, या रोगाने माणसाला काही होत नाही, काळजी करू नकोस. बाबांनी मागितलेलं बियाणं मात्र दिवाळीला आणता येणार नाही. रोग बियाण्यातूनही जाऊ शकतो, त्यामुळे एक दाणासुद्धा नाही.

आणि बाबा, विहिरीजवळचं आजीचं गावठी डाळिंब काढायचं म्हणत होतात, ते एवढ्यात काढू नका. सगळी बाग गेली तेव्हा ते उभं राहिलं. ते खरंच टिकलं की नुसतं रोगाच्या वाटेतून सुटलं, हे लागण करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. यंदाच्या पावसात त्याच्या पानांवर ठिपके दिसले तर पान उन्हाकडे धरून फोटो पाठवा. नाही दिसले तरी पाठवा.

तुमची,
माई