आई-बाबांना, गाडी बुक केल्यानंतर

चिंचवड

प्रिय आई-बाबा,
सा. न.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे बाबा पत्र अर्ध्यावर ठेवून फोन लावणार नाहीत. गाडी बुक केली आहे. मारुतीची बलेनो, ऑटोमॅटिक, पांढरी. पैसे भरून झालेत आणि आपल्या जुन्या निळ्या गाडीला गिऱ्हाईकही बघितलंय. विचारलं असतं तर तुम्ही 'अजून दोन वर्षं काढेल ती' म्हणाला असतात, आणि आईने तुमचीच री ओढली असती.

आंबा घाटातला दादाने पाठवलेला फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. बॉनेट उघडं, मागे एसट्यांची रांग, आणि आई कठड्यावर गोळ्यांचा डबा मांडीत धरून बसलेली. गिअर अडकला म्हणून कोल्हापूरची तपासणी राहिली, ती पुढे राहिलीच. मग वर्कशॉपचं ते रोजचं 'पार्ट यायचाय'. बाबा, मला हे सगळं किती उशिरा सांगितलंत! मी इथे, तुम्ही तिथे, आणि मध्ये तो घाट. रात्री झोप लागत नाही मला.

'टोयोटा का नाही घेतली?' हे तुम्ही विचारणारच. 'टोयोटा म्हणजे टोयोटा' हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. म्हणून नीट सांगते. तुमच्या मनात असलेली टोयोटाची ग्लान्झा आणि ही बलेनो एकाच कारखान्यातून निघतात, गुजरातेत हंसलपूरला. मारुतीची मूळ कंपनी सुझुकीच दोन्ही बनवते, ग्लान्झावर २०१९ पासून फक्त टोयोटाचा बिल्ला लागतो. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. जुलै २०२० मध्ये फ्युएल पंपाच्या दोषासाठी मारुतीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या, तेव्हा टोयोटालाही साडेसहा हजार ग्लान्झा बोलवाव्या लागल्या. पंप बिल्ला बघून बिघडत नाही, बाबा. वॉरंटीत मात्र फरक होता, मारुतीची दोन वर्षांची आणि टोयोटाची तीन. जुलै २०२४ पासून मारुतीनेही तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. मग मी आपल्या बाजारपेठेतला फिटर कोणती गाडी डोळे मिटून उघडतो ते बघितलं, आणि निर्णय झाला.

आणि गाड्या परत बोलावल्या म्हणून कंपनी वाईट, असं मुळीच समजू नका. दोष लपवून ठेवणाऱ्यापेक्षा बोलावून फुकट दुरुस्त करून देणारा कधीही बरा. मी क्वालिटीत काम करते, आमच्याकडे परत आलेले पार्ट टेबलावर मांडून बघते. एकाच नावाच्या कंपनीचा एक पार्ट वर्षानुवर्षं तक्रार न येता चालतो आणि दुसरा पहिल्या पावसाळ्यात परत येतो. म्हणून मी कंपनी बघत नाही. कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स आणि ती जोडी रस्त्यावर किती वर्षं आहे, तेवढं बघते. हे १.२ लिटरचं के-सिरीज घराणं २००९ च्या रिट्झपासून आपल्याकडे आहे. त्याचे गुणदोष सगळ्या फिटरांना तोंडपाठ झालेत. दादाने सुचवलेली ती मोठ्या स्क्रीनची गाडी देखणी आहे, पण मॉडेल अगदी नवं. पहिल्या वर्षात कंपनीच शिकत असते, आणि तुमच्या वयाला ते शिक्षण नको.

तरी खराब नग निघू शकतो, हे खरं. बाग ओळखीची, कलम ओळखीचं, वरून फळ सोन्यासारखं, तरी एखाद्या हापूसात साका निघतोच ना? म्हणून पासिंगच्या आधी मी स्वतः येऊन गाडी बघणार आहे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते बघेन, बनल्याचा महिना बघेन, काचांवरचे नंबर जुळवेन, खाली वाकून तेल गळतंय का बघेन. मी येईपर्यंत कुठेही सही करायची नाही, बाबा. शोरूमवाला कितीही गोड बोलला तरी.

आई, तू मागेच बसणार ना? मागे एसीचे झोत आहेत, तोंडावर वारा येईल. आंब्याच्या वळणांवर गाडी लागली तरी आता काच उघडून धूळ खायला नको. सीट निळीपेक्षा थोडी खाली आहे, हे आधीच सांगते. मावशीला शोरूममध्ये नेऊन चार वेळा बसवून-उठवून बघितलं. आधी दोन्ही पाय बाहेर काढायचे, मग दाराला धरून उठायचं, म्हणजे गुडघ्यावर ताण येत नाही. डबा, थर्मास, आवळासुपारी सगळं दाराच्या खणात मावतं.

बाबा, आपली चेतक स्कूटर आठवते? देवरुखहून संगमेश्वरला जाताना मी पुढे उभी, हँडलच्या मध्यभागी दोन्ही हात, आणि पाठीला तुमचा रेनकोट. पावसात बंद पडली की तुम्ही तिला एका बाजूला कलती करायचात, मी तुमच्या शर्टाचं टोक धरून थांबायची, आणि किक बसली की मला वाटायचं, माझ्या बाबांना न जमणारं काही नाहीच. अजूनही तसंच वाटतं. फक्त तो डावा पाय आता क्लचवरून सुटावा, एवढंच मागतेय.

या गाडीत क्लच असतो, पण तो यंत्र दाबतं. म्हणून घाटात थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, क्लच जळतो. ब्रेक दाबून ठेवा. ब्रेक सोडल्यावर दोन क्षण ती मागे सरकत नाही, घाबरू नका. पहिल्या काही महिन्यांत जरा कुठे खडखड वाटली तर 'असू दे' म्हणायचं नाही. वर्कशॉपच्या जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि कॉपी आईच्या लाकडी कपाटात ठेवा. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत वारंवार बिघडणारी नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारा वेगळा कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही, ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जावं लागतं, आणि तिथे तोंडी सांगितलेलं चालत नाही, कागद लागतो.

निळीचं आरसी आणि विमा काढून ठेवा. फॉर्म २९ आणि ३० मी भरून आणते, ट्रान्सफर माझ्यासमोरच होऊ दे. चाव्यांचा जुना गुच्छ देऊन टाकू नका, त्यात माळ्याची किल्ली आहे. आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांची नवी वेळ मी घेतली आहे. त्या दिवशी गाडी मी चालवणार, बाबा शेजारी बसणार. बीपीची गोळी सकाळी नाश्त्याआधी, दोघांनीही.

तुमची,
मनू