वही मिटून लिहिलेले पान

नागपूर

चि. बेटास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, चार वेळा वाचलं होतं, तरी पेपरात आठवलं नाही," आणि लगेच विषय बदललास. ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

तुझ्या मेहनतीविषयी मला तिळमात्र शंका नाही. दिवाळीत तू पुण्याहून आलास तेव्हा महाल भागातल्या आपल्या घरात रात्री एक-एक वाजेपर्यंत तुझ्या खोलीतला दिवा जळत होता. मात्र सकाळी टेबल आवरताना तुझी रसायनशास्त्राची वही उघडी दिसली आणि मी थबकले. पानेच्या पाने हायलायटरने पिवळी झाली होती, व्याख्या पिवळी, उदाहरण पिवळे, कोपऱ्यातली तारीखसुद्धा पिवळी. समासात मात्र तुझ्या हातचा एकही प्रश्न नव्हता. मी तेव्हाच बोलायला हवे होते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, हिवाळी परीक्षेत, मी सेंद्रिय रसायनशास्त्रात नापास झाले होते. एस-एन-टू अभिक्रियेचा, म्हणजे कार्बनला जोडलेला एक गट सुटून त्याच्या जागी दुसरा येतो त्या अभिक्रियेचा, प्रश्न होता. ब्रोमीनच्या विरुद्ध बाजूने हायड्रॉक्साइड येतो आणि वाऱ्याने छत्री उलटावी तशी कार्बनभोवतीची रचना उलटते, हे मी इतक्यांदा वाचले होते की पुस्तकातले ते उजवे पान, खालची आकृती, तिच्याखालचा चहाचा डाग, सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. पण इलेक्ट्रॉनची वाट दाखवणारा बाण कोठून निघून कोठे पोहोचतो, ते काही केल्या हातातून उतरेना. पान ओळखीचे होते, विषय नव्हता.

उन्हाळी परीक्षेच्या तयारीत मी जुन्या दिनदर्शिकेची पाने कापून घेतली. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि कोऱ्या बाजूवर आठवेल तेवढे लिहायचे. पहिल्या दिवशी अर्धे पान भरले नाही आणि मला रडू आले. मग पुस्तक उघडून राहिलेले तेवढेच लाल शाईने भरले. तीन दिवसांनी पुन्हा तेच, आठवड्याने पुन्हा. लाल शाई कमी होत गेली. हायड्रॉक्साइडवरच्या इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून कार्बनकडे जाणारा बाण आजही मी डोळे मिटून काढू शकते.

माझा अनुभव एकटीचा नाही. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते, 81 टक्क्यांविरुद्ध 75. आठवड्यानंतर मात्र त्यांना 42 टक्के मजकूर आठवला आणि लिहून पाहणाऱ्यांना 56 टक्के. रात्री वाचून झोपताना वाटणारा 'झालं पाठ' हा विश्वास त्या पाच मिनिटांचा असतो, बेटा, आणि तोच तुला फसवतो आहे.

म्हणून व्याख्यान झाले त्याच संध्याकाळी, मेसला जाण्यापूर्वी, दहा मिनिटे कोऱ्या कागदाला दे. जे आठवणार नाही त्याचा प्रश्न समासात लिही आणि तो घेऊन सरांकडे जा. त्यात कमीपणा नाही, तेथे गेलास तर त्यांनाही बरे वाटेल. गणिते सोडवताना एकाच प्रकारची वीस ओळीने सोडवू नकोस, प्रकार मिसळ, कारण पेपरात कोणते सूत्र लागेल हे कोणी वर लिहून देत नाही. जागरणे थांबव. शिकलेले मनात बसायला झोप लागते, ती कापून वाचलेली दोन तासांची पाने दुसऱ्या दिवशी तुझ्या उपयोगी पडणार नाहीत.

या आठवड्यात एकच विषय घे आणि मिटल्या वहीचे पहिले पान, अर्धे रिकामे असले तरी, फोटो काढून मला पाठव. होळीला येशील तेव्हा ती सगळी पाने घेऊन ये. टेबल मोकळे करून ठेवते.

तुझी,
आई