व्हिओला कोण वाजवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षांचे निकाल लागले की पुण्या-मुंबईतल्या आणि गोव्यातल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकतात. आठवी ग्रेड, डिस्टिंक्शन, इतके गुण. मुलांनी त्यासाठी घेतलेले कष्ट खरे असतात आणि त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण अशा चार मुलांना एका खोलीत बसवून हायडनचं एखादं सोपं क्वार्टेट (चार वादकांसाठीची रचना) समोर ठेवलं, तर बहुतेक वेळा पहिलं पानही पार पडत नाही. मुळात चौघांच्याही हातात व्हायोलिनच असतं. क्वार्टेटला दोन व्हायोलिनं, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडा मोठा, खालच्या सुरांचा) आणि एक चेलो (त्याहूनही मोठा, बसून गुडघ्यांत धरायचा) लागतो. व्हिओला आणि चेलो आपल्याकडे शोधावे लागतात, आणि शोधून सापडले तरी दुसऱ्याचं ऐकत वाजवायची सवय कुणालाच नसते. याच दोन उणिवांबद्दल हे पत्र आहे.

चेंबर म्युझिक म्हणजे खोलीत बसून वाजवायचं, खोलीत बसून ऐकायचं संगीत. प्रत्येक वादकाची ओळ वेगळी, ती वाजवणारा तो एकटाच, आणि समोर हातवारे करणारा कंडक्टर नाही. मराठी श्रोत्याला हे परकं वाटायचं कारण नाही. साठ-सत्तर माणसांची, मायक्रोफोनशिवायची बैठक आपल्या ओळखीची आहे. मुंबईत तर याची जुनी परंपरा आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. पुढे ते परदेशी गेले, मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं आणि नंतर फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये पाच वर्षं काढली. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सोल्फेज (स्वरांची नावं गात लेखन वाचणं) आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, आणि त्याच वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद पेलले. तरीही २००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा वादकांचा मोठा भाग बाहेरच्या देशांतून आणावा लागला. एकेकटं वाजवणारे आपल्याकडे होते. एकत्र वाजवायला शिकलेले पुरेसे नव्हते.

आधी व्हिओलाचं बोलू. त्याच्या तारा व्हायोलिनपेक्षा एक पंचम खाली असतात, म्हणजे खालून वर सी, जी, डी, ए. चेलोच्या त्याच, पण आणखी एक सप्तक खाली. चौदा-पंधरा वर्षांच्या, लांब बोटांच्या आणि पाचवी-सहावी ग्रेड झालेल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्याला व्हिओलावर आणणं ही फार मोठी उडी नाही. सोय म्हणून जुन्या व्हायोलिनलाच व्हिओलाच्या तारा चढवणारे पुष्कळ आहेत. त्यात अडचण अशी की व्हायोलिनचं लाकडी अंग चौदा इंचांचं, त्यात खालची सी तार घुमतच नाही, पुठ्ठ्यावर गज फिरवल्यासारखी वाजते. या वयाला पंधरा ते साडेपंधरा इंचांचं वाद्य घ्यावं. दुसरी अडचण वाचनाची. व्हिओलाचं लेखन आल्टो क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता स्वर हे ठरवणारं चिन्ह) असतं, मधल्या रेषेवर मधला सी. घाईतली मुलं एक युक्ती करतात: नोटा (कागदावरची स्वरचिन्हं) व्हायोलिनच्याच समजायच्या, बोटं तिसऱ्या पोझिशनची (पोझिशन म्हणजे तारेवर हात ठेवायची जागा) धरायची आणि हात मात्र पहिल्या पोझिशनमध्ये ठेवायचा. जमतं ते. पण शार्प-फ्लॅट (स्वर अर्ध्यानं चढवायच्या-उतरवायच्या खुणा) आले किंवा हात वर सरकवावा लागला की सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून युक्तीला पहिले पंधरा दिवस द्यावेत आणि मग रोज दहा मिनिटं नवं पान, सावकाश, नोटेचं नाव मोठ्यानं म्हणत वाचावं. दोन-तीन महिन्यांत क्लेफ अंगवळणी पडतो.

आता सुरांचं. हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि इथे मराठी घरातल्या मुलाला खरं तर इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. चारही वाद्यांच्या तारा पंचमांनी लावलेल्या असतात. चेलोच्या सी पासून एकेक शुद्ध पंचम चढत गेलो की सी, जी, डी, ए आणि शेवटी व्हायोलिनचा ई येतो. सी ला षड्ज मानलं तर हा ई म्हणजे गंधार. पण चार शुद्ध पंचमांतून आलेला हा गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा बावीस सेंटनी चढा असतो, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त. आपल्या शास्त्रात या फरकाला प्रमाणश्रुती म्हणतात. क्वार्टेटमध्ये चेलो खुल्या (बोट न ठेवलेल्या) सी वर आणि पहिलं व्हायोलिन खुल्या ई वर आलं की हाच फरक कानाला टोचतो. चौघंही म्हणतात, आम्ही पंचम नीट लावलेत. आपापल्या जागी ते खरंच असतं.

उपाय असा. सगळ्यांनी एकाच ए वरून सूर लावायचा, तोही चेलोच्या. खालचे पंचम किंचित आवळून घ्यायचे, म्हणजे सी आणि जी जरा चढ्या राहतात. मग रोज तालमीच्या सुरुवातीला दहा मिनिटं एकच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर. चेलोनं सी धरायचा, व्हिओलानं त्यावर जी, आणि दोघांचा आवाज एकजीव होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. मग पहिल्या व्हायोलिनचा वरचा सी. ई सगळ्यात शेवटी, दुसऱ्या व्हायोलिननं, खुल्या तारेवर नव्हे तर बोटानं, हळूहळू खाली आणत. नेमक्या जागी तो बसला की खोलीतला थरथराट थांबतो आणि आवाज एकदम मोठा वाटतो, कुणीही गज जास्त दाबलेला नसताना. व्हिब्राटो, म्हणजे बोट हलवून स्वर थरथरवणं, या दहा मिनिटांत पूर्ण बंद. बेसूरपणा झाकायला व्हिब्राटोइतकी सोपी चादर नाही, म्हणूनच.

लयीत चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. मुलं पहिल्या व्हायोलिनकडे बघून वाजवतात, आणि बघून वाजवलेला स्वर नेहमी उशिरा येतो. सुरुवातीचा इशारा श्वासानं द्यायचा, आणि तो श्वास पुढच्या लयीतच घ्यायचा. हळू तुकड्याला झटकन घेतलेला श्वास सगळ्यांनाच चुकवतो. एकदा सुरू झालं की ज्याच्याकडे सगळ्यात लहान नोटा, त्याच्या हाती लय. बहुतेक वेळा ते दुसरं व्हायोलिन किंवा व्हिओला असतं, आणि धून वाजवणाऱ्यानं त्यांच्यावर स्वार व्हायचं असतं, त्यांना ओढायचं नसतं. तबल्याचं बोट सोडून पळणारा गायक आपल्याला लगेच कळतो. इथेही तेच आहे. मेट्रोनोम (ठोके देणारं लययंत्र) घरी, एकट्याच्या रियाजाला वापरावा. तालमीत तो लावला की चौघं यंत्राचं ऐकतात आणि एकमेकांचं ऐकणं बंद करतात.

पहिलं संगीत कोणतं घ्यावं? मोझार्टनं १७७२-७३ च्या सुमारास, पोरसवदा वयात लिहिलेली के. १५५ ते १६० (त्याच्या रचनांच्या सूचीतले क्रमांक) ही सहा क्वार्टेटं तांत्रिकदृष्ट्या आवाक्यातली आहेत. पण शिकवण्यासाठी आमची पसंती हायडनच्या ओपस ७६, क्रमांक ३ च्या दुसऱ्या भागाला. एक संथ धून, तिच्यावर चार व्हेरिएशन (भोवतीची साथ बदलत केलेल्या आवृत्त्या), आणि धून कुठेच बदलत नाही. पहिल्या व्हेरिएशनमध्ये ती दुसऱ्या व्हायोलिनकडे, वर पहिलं व्हायोलिन सोळांशांची बारीक नक्षी काढतं आणि व्हिओला-चेलो गप्प. दुसऱ्यात धून चेलोकडे, तिसऱ्यात व्हिओलाकडे, चौथ्यात पुन्हा पहिल्या व्हायोलिनकडे. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांच्या तालमीत प्रत्येकाला एकदा पुढे यावं लागतं आणि तीनदा मागे सरावं लागतं. नेहमीचा घोटाळा पहिल्या व्हेरिएशनमध्येच होतो: नक्षीवाल्याला आपण मुख्य आहोत असं वाटतं आणि धून बुडते. त्याला गजाच्या वरच्या अर्ध्या भागात, हलक्या हातानं वाजवायला लावा. आणि चौघांनीही फक्त स्वतःचा भाग न आणता पूर्ण स्कोअर (चारही ओळी एकाखाली एक छापलेला कागद) आणायचा, त्यात बार क्रमांक (मात्रांच्या विभागांचे) घालायचे, दुसऱ्याच्या ओळीवर पेन्सिलीनं खुणा करायच्या. हायडन-मोझार्टच्या जुन्या आवृत्त्यांवर कॉपीराइट उरलेला नाही, तेव्हा कागदाचा खर्च नगण्य आहे.

बारीकसारीक गोष्टींनीही तालीम मोडते. चेलोची खालची टोकदार दांडी फरशीवर घसरते, आणि दांडी घसरली की वादकाचं अर्धं लक्ष गुडघ्यात. खुर्चीच्या पुढच्या पायाला पट्टा बांधून त्यात टोक अडकवलं की प्रश्न मिटतो. लाकडी फळीचा तुकडाही चालतो. खुर्च्या बिनहातांच्या हव्यात. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, गजाचे केस ओलाव्यानं सैल पडतात, आणि सरसाचे जोड सुटून वाद्य मध्येच खुळखुळू लागतं. वातानुकूलित सभागृहात वाद्यं निदान अर्धा तास आधी पेटीतून बाहेर काढून ठेवावीत, नाहीतर पहिल्या भागाच्या मध्यावर सूर उतरतो किंवा चढतो. आठवड्यातून दोन तालमी, दोन-दोन तासांच्या, आणि दर पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं हात खाली. खांदा आणि मनगट एकदा दुखावलं की महिने जातात.

पालकांचा पहिला प्रश्न पोटापाण्याचा असतो आणि तो रास्त आहे. नुसत्या क्वार्टेटच्या मैफलींवर जगणारे जगभर मूठभर. मानधनाचे चार भाग होतात, त्याआधी एजंटचं कमिशन आणि प्रवास जातो, आणि विमानात चेलोला स्वतंत्र तिकीट काढावं लागतं. तिकडची नामवंत क्वार्टेटं टिकली ती शिकवण्याच्या आधारावर. टाकाच क्वार्टेट १९७५ साली बुडापेस्टमध्ये सुरू झालं आणि १९८० च्या दशकापासून अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात निवासी आहे. एमर्सन क्वार्टेट १९७६ ते २०२३ चाललं, तेही विद्यापीठात शिकवत. आम्हाला सगळ्यात जवळचं वाटतं ते अमेरिकेतल्याच प्रॉव्हिडन्स शहरातलं कम्युनिटी म्युझिकवर्क्स. १९९७ पासून तिथले क्वार्टेटवादक एका साध्या वस्तीत ठाण मांडून त्याच वस्तीतल्या मुलांना शिकवतात आणि तिथेच मैफली करतात. पुण्यातल्या एखाद्या पेठेत किंवा मडगावात हे न जमण्याचं काही कारण नाही. इथल्या वादकाला शाळेतली शिकवणी, ऑर्केस्ट्रा, स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आणि लग्नसमारंभ अशी चार-पाच कामं जोडून घर चालवावं लागतं, आणि या प्रत्येक कामात पहिल्या वाचनात बरोबर वाजवणारा, दुसऱ्याला सांभाळून घेणारा माणूस पुन्हा बोलावला जातो. व्हिओला आणि चेलोवाल्यांना मागणी त्यातही जास्त, कारण ते थोडे आहेत.

चौघांनी एकत्र काम सुरू करताना दोन पानी लेखी करार जरूर करावा. मानधन समान वाटायचं, दहा टक्के सामायिक खात्यात, सोडून जाणाऱ्यानं किती महिने आधी सांगायचं, गटाचं नाव आणि स्वरलेखनाच्या कागदांचे संच कुणाकडे राहणार, आणि मतं दोन-दोन अशी पडली तर काय. शेवटच्याला एक चांगला तोडगा आहे: मैफलीआधी दोन्ही पद्धतींनी वाजवून ध्वनिमुद्रण करायचं, एक दिवस जाऊ द्यायचा आणि मग ऐकून ठरवायचं. मैत्री घट्ट आहे म्हणून करार टाळणारे गट पैशांपेक्षा तालमीच्या वेळांवरून जास्त फुटतात.

आमची मागणी मोठी नाही. व्हायोलिन शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गानं चौथ्या ग्रेडपासून आठवड्यातला एक तास एकत्र वादनाला द्यावा, सुरुवातीला दोन व्हायोलिनांच्या ड्युएटचाही चालेल. संगीत मंडळांनी दोन-तीन व्हिओला आणि एक-दोन चेलो घेऊन ठेवावेत आणि वर्षाच्या करारानं मुलांना वापरायला द्यावेत, कारण चेलोच्या चांगल्या तारांचा नुसता एक संच दहा हजारांच्या वर जातो आणि एकेकट्या पालकाला ते झेपत नाही. आणि वाचनालयांनी, शाळांनी, गणेश मंडळांच्या कार्यालयांनी रविवारी सकाळी दोन तास एक खोली द्यावी. मोठं सभागृह नको, ध्वनियंत्रणा नको. चार बिनहातांच्या खुर्च्या, बऱ्यापैकी उजेड आणि बंद करता येईल असा पंखा. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडतात.

आपले,
काही व्हायोलिन व चेलो शिक्षक,
पुणे आणि पणजी