मंत्रीसाहेब, पायलटने अलर्ट पाळला, पुढचं काम तुमचं

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी पायलट नाही, एअरलाइनमध्येही नाही, कामासाठी सारखं विमानाने फिरावं लागतं एवढाच माझा या विषयाशी संबंध. काही महिन्यांपूर्वी आमचं विमान उतरायला आलं होतं, चाकं बाहेर आल्याचा आवाज होऊन गेला होता, खालच्या रस्त्यावरच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या आणि अचानक इंजिनं गरजली, आम्ही सीटमध्ये दाबले गेलो आणि विमान परत वर निघालं. बराच वेळ कोणालाच काही कळेना, मग कॅप्टनने सांगितलं की जवळ दुसरं विमान असल्याचा अलर्ट आला म्हणून लँडिंग सोडलं, परत फिरून येतोय. नंतर व्यवस्थित उतरलो. पण दारात उभ्या असलेल्या एअर होस्टेसवर दोन-तीन जण ओरडत होते की आमची पुढची फ्लाइट गेली, कुठे होतं ते दुसरं विमान, आम्हाला तर दिसलं नाही. मी ओरडले नाही, पण मनातून मीही वैतागलेच होते. घरी येऊन तो अलर्ट म्हणजे काय ते वाचत गेले, एका ओळखीच्या पायलटला प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि आता त्या वैतागाची मला लाज वाटते.

तुमच्या अधिकाऱ्यांना हे सगळं पाठ असेल पण हे पत्र इतर प्रवासीही वाचतील म्हणून थोडं सांगते. दोन विमानं हवेत धडकू नयेत म्हणून असा अलर्ट देणाऱ्या यंत्रणेला टीकॅस म्हणतात. विमानातलं टीकॅस आजूबाजूच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या रेडिओ यंत्राला, 1030 मेगाहर्ट्झवर विचारत राहतं, उत्तर 1090 वर येतं, आणि त्यावरून दोन विमानं किती सेकंदात एकमेकांजवळ येतील याचा हिशोब सतत चालू असतो. आधी येतो टीए (ट्रॅफिक अ‍ॅडव्हायझरी), म्हणजे "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असा आवाज. त्यावर पायलटने विमान वळवायचं नसतं, फक्त सावध व्हायचं, बाहेर बघायचं. तरीही अंतर कमी होत राहिलं तर आरए (रिझोल्यूशन अ‍ॅडव्हायझरी) येतो, आणि आरए म्हणजे थेट हुकूम, "क्लाइंब, क्लाइंब" किंवा "डिसेंड, डिसेंड". दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर ती आपसात ठरवतात, एकाला वर पाठवतात आणि दुसऱ्याला खाली. पायलटने 5 सेकंदांच्या आत प्रतिसाद द्यायचा असतो, टॉवरला फक्त "टीकॅस आरए" एवढं कळवायचं, आणि "क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट" म्हणजे धोका टळला असं पायलट म्हणेपर्यंत कंट्रोलरने, म्हणजे जमिनीवरून विमानांना मार्ग सांगणाऱ्याने, त्या विमानाला वर-खाली-डावी-उजवी काहीही सूचना द्यायची नाही. कंट्रोलर एक सांगतोय आणि टीकॅस उलटं सांगतंय, तर टीकॅसचं ऐकायचं. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

ऐकायला सोपं वाटतं. उंचावर, ऑटोपायलट चालू असताना कदाचित सोपं असेलही. पण उतरताना काय होतं ते त्या पायलटने मला समजावलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. फ्लॅप बाहेर, चाकं बाहेर, वेग कमी, नजर रनवेवर, एक हात इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रस्ट लिव्हरवर, आणि डोक्यात फक्त उतरायचं. त्यात "क्लाइंब, क्लाइंब". म्हणजे गेली वीस मिनिटं ज्यासाठी सगळी तयारी केली ते एका क्षणात सोडून उलटं करायचं. आणि वेळ तरी किती? वर क्रूझमध्ये, म्हणजे उंचावर सरळ उडताना, आरए जवळपास 35 सेकंद आधी मिळू शकतो, पण जमिनीपासून 1000 ते 2350 फुटांच्या पट्ट्यात तो 15 सेकंद आधीच येतो. पंधरा सेकंद! त्यातले पाच प्रतिसादात गेले. इथे एखाद्याच्या मनात "हा खोटा असेल, शेजारच्या रनवेवर उतरणारं विमान दिसतंय ना मला" असं आलं तरी ते माणसासारखं आहे, पण दिसतंय ते विमान आणि ज्याचा अलर्ट आहे ते विमान एकच आहे याची खात्री काय, विशेषतः रात्री, दिव्यांच्या गर्दीत?

अलर्ट न पाळल्याने काय होतं हे जगाने बघितलंय. 1 जुलै 2002 ला जर्मनीतल्या यूबरलिंगेनवर एका टुपोलेवला कंट्रोलरने खाली जायला सांगितलं, टीकॅसने वर, पायलटांनी कंट्रोलरचं ऐकलं, आणि समोरचं मालवाहू बोइंग टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं. 71 माणसं गेली, त्यात कितीतरी शाळकरी मुलं. त्याच्या आदल्या वर्षी जपानमध्ये अगदी असाच प्रकार होऊन दोन मोठी प्रवासी विमानं थोडक्यात वाचली होती, तो इशारा जगाने वेळेत ऐकला नाही. आणि आपल्याकडचं चरखी दादरी, 12 नोव्हेंबर 1996, एक विमान दिल्लीहून चढत होतं, एक दिल्लीला उतरायला येत होतं, दोन्हींत टीकॅस नव्हतं, 349 मृत्यू. त्यानंतर ही यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली. म्हणजे आज माझ्या विमानात जो अलर्ट वाजला तो त्या 349 जणांमुळे वाजला, असं मी धरून चालते.

आता मूळ मुद्द्यावर येते. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर सुमारे 300 फुटांवर धडकलं, 67 माणसं गेली. धडकेच्या साधारण 20 सेकंद आधी कॉकपिटमध्ये "ट्रॅफिक, ट्रॅफिक" वाजलं होतं. आरए मात्र आला नाही, येणारही नव्हता, कारण साधारण 1000 फुटांच्या खाली टीकॅस आरए देतच नाही. इतक्या खाली "डिसेंड" सांगितलं तर विमान जमिनीवरच आपटेल. म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे धोका सगळ्यात जवळ, तिथे ही यंत्रणा हुकूम देणं मुद्दाम टाळते. तिथे उरतात पायलटचे डोळे, कंट्रोलर, आणि तुम्ही लोकांनी आखलेले मार्ग.

आणि पुढचं वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. तिथल्या तपास यंत्रणेला दिसलं की 2011 ते 2024 या काळात त्या विमानतळावर हेलिकॉप्टर जवळ आल्यामुळे महिन्याला किमान एक आरए वाजत होता, आणि असे प्रसंग बहुतेक उतरतानाच येत होते. दर महिन्याला, चौदा वर्षं! प्रत्येक वेळी कुठल्यातरी कॉकपिटमध्ये कोणीतरी दचकलं असेल, विमान सांभाळलं असेल, पुढच्या फ्लाइटला निघून गेलं असेल. माहिती साठत राहिली, हेलिकॉप्टरचा मार्ग मात्र तिथेच राहिला. अपघात झाल्यावर हलला.

साहेब, पायलटने आरए पाळला की त्याचं काम संपलं. तो आरए त्या जागी का वाजला, परत परत तिथेच का वाजतो, हे शोधणं त्याचं काम नाही, ते तुमच्या खात्याचं आहे. म्हणून माझी पहिली मागणी अशी की उतरण्याच्या मार्गावर वाजलेले आरए विमानतळवार मोजा आणि दर तीन महिन्यांनी आकडा जाहीर करा. कुठल्या एअरलाइनचा, कुठला पायलट, काही नको, फक्त कुठे, किती उंचीवर आणि समोर काय होतं, विमान की हेलिकॉप्टर. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाजत असेल तर मार्ग बदला.

दुसरं खोट्या अलर्टचं. त्याच वॉशिंग्टनमध्ये 1 मार्च 2025 ला उतरणाऱ्या अनेक विमानांना आजूबाजूला कोणी नसताना अलर्ट आले, काहींनी गो-अराउंड केला, म्हणजे लँडिंग सोडून परत वर गेली. पुढे सिनेटच्या सुनावणीत सांगण्यात आलं की जवळपास ड्रोनविरोधी यंत्रणेची चाचणी चालू होती. त्या पायलटांनी बरोबरच केलं, कॉकपिटमध्ये खरा आणि खोटा अलर्ट सारखाच वाजतो. पण लांडगा आला रे आला असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी हात थबकतो, आणि इथे थबकायला सेकंदच नाहीत. ड्रोनविरोधी यंत्रणांची गरज मला कळते, पण टीकॅसच्या त्या 1030 आणि 1090 मेगाहर्ट्झच्या आसपास कोणी रेडिओ लहरी सोडणार असेल तर विमानतळाला आधी कळवल्याशिवाय परवानगी देऊ नका, मग ते कितीही मोठं खातं असो.

तिसरं पायलटांबद्दल. गो-अराउंड केला म्हणून शिक्षा नाही, हे तत्त्व जगभर मान्य आहे, पण इंधन जळतं, उशीर होतो, प्रवासी ओरडतात, आणि हा दबाव कुठल्या नियमात लिहिलेला नसतो. तुम्ही स्वतः एकदा जाहीरपणे सांगा की आरए आला आणि पायलटने लँडिंग सोडलं तर त्याला कोणीही जाब विचारणार नाही, अलर्ट नंतर खोटा निघाला तरी नाही. सिम्युलेटरमध्येही आरए फक्त उंचावर नको, चाकं बाहेर असताना, रनवे समोर दिसत असताना द्या, कारण हात थबकतो तो तिथेच.

आणि एक छोटी गोष्ट, कदाचित तुम्हाला किरकोळ वाटेल. त्या दिवशी आमच्या कॅप्टनने दोन वाक्यं जास्त सांगितली असती की असा अलर्ट आल्यावर परत वर जाणं हाच नियम आहे, तर दारातल्या त्या मुलीला शिव्या खाव्या लागल्या नसत्या. अशी घोषणा सगळ्यांकडून करून घेणं तुमच्या एका सर्क्युलरचं काम आहे.

तो कॅप्टन कोण होता मला माहीत नाही. त्याने तेव्हा जो रिपोर्ट भरला असेल तो सध्या कोणाच्या टेबलावर आहे, आणि कोणी उघडून बघितला का, एवढं तरी मला कळवा.

आपली,
एक नेहमीची विमानप्रवासी